हल्याचे पुढचे गुडघे

४ जानेवारी
भंगारवाला येऊन गेला. हल्याभोवती चकरा मारल्या, टायरले लात हाणली अन् वरतून म्हणते, "बाई, लोखंड चांगलं हाय." अंगाचा तिळपापड झाला माह्या. लोखंड म्हणे! मिलिटरीच्या लिलावातला ट्रक हाय तो, चारही चाकांनं ओढणारा. नव्या गाड्या नाल्यापासून तोंड फिरवतेत, तिथून हल्या पुढं जाते. हल्या म्हणजे रेडा, नाव उगाच नाई पडलं.

मनोहर आंगनात खुर्ची टाकून बसला होता. हो नाई, ना नाई. शेवटी मीच सांगितलं, महिनाअखेरले ये, तवा पाहू.

(नवरा हाय. तोंडानं "अजी, तुमी". पन वही माही हाय, इथी मनोहरच.)

५ जानेवारी
दिवाळीनंतर नाल्याच्या चढावर मनोहरच्या हातातलं स्टेरिंग एकाएकी फिरलं अन् हल्या ऐनाच्या झाडाले भिडला. मागं बाजाराच्या बाया होत्या. त्याईले खरचटलंही नाई, याचा खांदा तेवढा निखळला. खांदा कवाचा बसला. मनोहर काई सीटवर बसला नाई.

आज पुन्हा तेच. "शालू, माहे हात गेले. देऊन टाक गाडी."
मी म्हटलं, "हात गेले तं भात कायनं कालवून राह्यले तुमी?"
हसला नाई. आधी अशा बोलण्यावर लोटपोट व्हायचा.

मले गाडीचं एवढं नाई. गाडी भंगारात गेली तं हा मानूस त्या खुर्चीतून उठत नाई, हे मले पक्कं समजते.

८ जानेवारी
राजन्ना मिस्त्रीले बोलावलं. सिरोंच्याकडचा हाय, अर्धं मराठी, अर्धं तेलुगू, अन् राग आला की हिंदी. हल्याखाली घुसला, चाक हलवलं. बाहेर आला.

"अक्का, इंजन बढिया. गुडघे गेले."

गुडघे म्हणजे नकल. चाक ज्याच्यावर वळते तो लोखंडाचा सांधा. वर एक बॉल जॉइंट, खाली एक. इथी कुठी भेटत नाई, नागपूरच्या जुन्या बाजारात पाहा लागते. त्यानं तिथच फोन लावला. मनोहर म्हणे, "काऊन त्याले त्रास देतं?" मी म्हटलं, तुमी बसा ना जी खुर्चीवर, तुमाले कोन उठवून राह्यलं.

जास्तच बोलली. पन बोलली.

१४ जानेवारी
एस.टी.नं पार्सल आलं. तिळगूळ राह्यला बाजूले, आधी खोकं फोडलं. दोन नकल. वा! मांडून पाह्यल्या तं दोन्ही डाव्या बाजूच्या. अव माय! हल्या काय दोन डाव्या पायानं चालनार हाय? राजन्नानं नागपूरवाल्याले फोनवर जे काई ऐकवलं ते वहीत लिहिता येत नाई. एक परत पाठवली.

१९ जानेवारी
उजवी आली. चाकं खोलली. जुनी नकल जाम बसली होती. गरम केली, हातोडा हाणला. मीही हाणला, मले बरं वाटलं.

उजव्या बाजूचा खालचा जॉइंट निघाला तं त्याची गोटी माह्या दोन बोटांत अलगद बाहेर. ती घट्ट बसलेली पायजे, पकडीनंही निघाले नाई पायजे. राजन्ना नुसता पाहत राह्यला. "अन्ना इसको चला रहा था?"

मी ती गोटी तशीच ग्रीससकट नेऊन मनोहरच्या हातावर ठेवली. "हे घ्या. हे गेलं होतं. तुमचे हात नाई." आवाज चढला माहा. डोळ्याले पानी आलं तं हातानं पुसलं, तोंडभर ग्रीस.

तो गोटीले लय वेळ फिरवून पाहत होता. मंग म्हणे, "आवाज येत होता. मले समजाले पायजे होतं." अन् खिशात टाकली.

घ्या! एक ओझं उतरवाले गेली तं दुसरं उचललं यानं.

२० जानेवारी
मनोहरच्या शर्टाचा ग्रीसचा डाग निघत नाई. शर्ट धुवाले टाकताना गोटी काढून ठेवली होती, सकाळी त्याच्या दुसऱ्या शर्टाच्या खिशात दिसली.

२२ जानेवारी
फिटिंग. नवे जॉइंट दाबून बसवले, नकल चढवली. राजन्नाले आलापल्लीले दुसरं काम होतं, घाई. वरचा नट कसला, मंग खालचा. स्टेरिंग फिरवाले गेली तं हलेच ना, दोन्ही हात लावले तरी. राजन्ना म्हणे, नवीन हाय, बसन हळूहळू.

खुर्चीवरून आवाज आला. "खालचा आधी. मंग वरचा."

आम्ही दोघंही थांबलो. मनोहर पुढं वाकला होता. "खोला पुरं. खालचा पुरा कसा, मंग वरचा. पिनीचं भोक नाई जुळलं तं नट मागं नोका घेऊ, पुढंच कसा."

राजन्नानं कपाळावर हात मारला, खोललं, पुन्हा कसलं. स्टेरिंग लोण्यासारखं फिरलं. आलापल्लीचं काम राह्यलं त्याचं, पन चहा पिऊन हसत गेला.

मनोहर एवढं बोलला दिवाळीपासून पहिल्यांदा.

२४ जानेवारी
मीच चालवून पाह्यला, शाळेच्या मागच्या पटांगणात. चालवनं यानंच शिकवलं, पन मी गावाच्या बाहेर कवा नेला नाई. नाल्यावर माहं काम दुसरं. काठी घेऊन पान्यात मी पुढं, पायानं गोटे चाचपत. मी हात दाखवन तिकडून हल्या मागं. नाल्याचा तळ दर पुरानं बदलते, म्हणून तिकडं समदे असंच करतेत. चालवनारा वर, दुसरा पान्यात.

तं पटांगणात काय झालं, हल्या थेट कुंपनात! सरळ धरलं होतं बाप्पा मी स्टेरिंग! पुन्हा घेतला, पुन्हा उजवीकडं कुंपन. बाभळीचे काटे बोनटवर. मले वाटलं, राजन्नानं घोळ केला.

मागून हसन्याचा आवाज. मनोहर! घरून पायी आला होता, पोट धरून हसून राह्यला. "अवो, तू उजवीकडं ओढून राह्यली. जुना हल्या डावीकडं पळे, म्हणून आपन उजवीकडं ओढून धरत होतो. आता तो आपल्यानं सरळ जाते. सोड त्याले जरा."

सोडला. गेला ना सरळ!

म्हटलं, या, बसा तुमी. तो कुंपनाचे काटे काढत बसला.

२७ जानेवारी
जैनीबाई आली. नाल्यापलीकडच्या गावची, हल्यात नेहमी माह्या मागच्या जागेवर बसते. आता हिरड्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन पायी, पाय फुटले तिचे. "जोहार. हल्या कवा?" मी म्हटलं, येत्या बाजाराले. तोंडातून निघून गेलं. मनोहर आतून ऐकत होता.

ती गेल्यावर म्हणे, "कोन नेईल?"
"मी."
"नाला?"
"मी."
"पान्यात कोन उतरन?"
मी भांडी घासत बसली.

३१ जानेवारी, नाल्यापलीकडं
वही संगं आनली हे बरं झालं. मोहाच्या झाडाखाली बसून लिहून राह्यली, नाई तं घरी जाईपर्यंत मले स्वतःलेच खरं वाटनार नाई.

सकाळी भंगारवाल्याचा फोन वाजला. उचलला नाई. हल्या सुरू केला तं मनोहर बाजूच्या सीटवर येऊन बसला. "मी नुसता बसतो." म्हटलं, बसा. रस्ताभर दोन्ही हात मांडीखाली दाबून. ऐनाचं झाड आलं, सालीवर हल्याचा वण तसाच. त्यानं तिकडं पाह्यलं, मी नाई पाह्यलं.

नाल्यावर थांबवला. इंजन चालूच. ब्रेक ओढला, मागून काठी घेतली, साडी खोचली अन् उतरली पान्यात. इतक्या वर्षांचे पाय, त्याईले कोन सांगनार. थंडगार पानी गुडघ्यापर्यंत. चाचपत चाचपत मधात गेली, मोठा गोटा लागला उजवीकडं. काठी तिथी रोवली, डावा हात वर केला, नेहमीसारखी वरडली, "या ना जी!"

अन् मंग डोक्यात उजेड पडला. अगं शाले, चालवनारी तं तूच होती!

हात वरच राह्यला माहा. लाज वाटली, रडूही येऊन राह्यलं. माघारी जाव तं जैनीबाई अन् बाया समोरच्या थडीवरून पाहून राह्यल्या. मागं पाह्यची हिंमत होईना.

मागं ट्रकचं दार वाजलं. म्हटलं, उतरला, आता काठी मागते हा. तेवढ्यात ब्रेक सुटल्याचा आवाज. फोर-व्हीलचा दांडा खट्ट करून पडला. माह्यानं तो असा एका दमात कवाच पडत नाई.

मी मागं पाह्यलं नाई. नुसता हात दाखवला, डावीकडं. आवाज डावीकडं वळला. मी चालली, तो आला, पानी माह्या पोटऱ्यावर ढकलत. मी थडीवर चढली, हल्या मागोमाग वर.

जैनीबाईनं माहा हात धरला. मनोहरनं इंजन बंद केलं, उतरला, थेट नाल्याच्या काठी जाऊन बसला. तवापासून हात धुऊन राह्यला. मळले नाईत तरी धुऊन राह्यला. खिशातली गोटी काढली, पान्यात धुतली, पुन्हा खिशात.

बाया गाठोडी चढवून राह्यल्या. मले जैनीबाई विचारते, वापस कोन चालवते? मी म्हटलं, मले काय मालूम.

चाबी गाडीलेच हाय. काठी मी सोडली नाई, मांडीवर घेऊन बसली हाय.