तीन सेंटिमीटरचं दान

ता. ४ मार्च

चि. ठमीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, गुडघे सोडून. ते आपल्या मर्जीनं चालतात.

तू मोजणी करून गेलीस आणि मी दहा वर्षांनी लहान झाले बघ. नऊ वर्षं घसा कोरडा केला, की माझ्या या दिरानं, म्हणजे तुझ्या धाकट्या आजोबांनी, भिंत माझ्या अंगणात घातलीय. कोणी ऐकलं? आता थेट उपग्रहांनीच साक्ष दिली, बारा सेंटिमीटर! चार माणसांत मिशीला पीळ देत म्हणाले होते ना, यंत्रानं सांगितलं तर भिंत पाडीन? पाडा आता. सोमवारी सुरुवात. मी ओट्यावर खुर्ची टाकून ठेवलीय.

यंत्र गुणाचं आहे हो तुझं. फक्त ती डोक्यावर पांढरी थाळी घेतलेली तिपाई ऐन अंगणात, झाडू फिरवायचा कुठून? मोजायला लागण्याआधी तू पाणी प्यायला आत गेलीस ना, तेवढ्यात मी ती अलगद उचलली, केर काढला आणि होती तिथंच ठेवली. तुला पत्तासुद्धा लागला नाही!

जेवत जा वेळेवर.
तुझी आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस ठमीचा साष्टांग नमस्कार.

फोन तू कपाटात कोंडून ठेवतेस, म्हणून लिहितेय. पत्र वाचून खुर्चीतून पडायची बाकी राहिले. अगं, ती तिपाई जमिनीतल्या खिळ्यावर नेमकी उभी केली होती. माझ्या हातातली काठी सगळं तिच्यापासून मोजते, तेही सेंटिमीटरपर्यंत. ती सरकली की मोजणी तेवढीच सरकते. शेवटी नाक्यावरचा हद्दीचा पक्का दगड मोजला होता, तो पंधरा सेंटिमीटर हललेला निघाला. दगड काही फिरायला जात नाही. ते मी तिथंच पाहायला हवं होतं. ऑफिसात बोलणी खाल्ली.

दुरुस्त करून पाहिलं. आजोबांची भिंत त्यांच्याच हद्दीत आहे, उलट तीन सेंटिमीटर आत. पाडणं ताबडतोब थांबव. रविवारी पुन्हा मोजायला येते.

रागावलेली, तरी तुझीच,
ठमी

ता. १२ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद, या खेपेला जरा कमी.

तुझं पत्र काल आलं तेव्हा निम्मी भिंत उतरली होती. खरं सांगते, वाचून मी ते उशीखाली सरकवलं. पाहिलं होतं कोणी? येऊन बसले खुर्चीत. पण म्हातारा एकटाच विटा काढत होता, एकेक पुसून रचत होता. मला काही मजा येईना. उठले, पत्र त्याच्या हातात कोंबलं आणि झाडूचा पराक्रमही सांगून टाकला.

वाटलं, आता आळी गोळा करतो. त्यानं दोनदा वाचलं. तीन सेंटिमीटर म्हणजे किती, विचारलं. मी दोन बोटं दाखवली. तर म्हणतो कसा, वहिनी, तेवढं राहू द्या तुम्हाला. नऊ वर्षांनी तोंडातून वहिनी निघालं, तेही दान सोडताना!

माझ्या अंगणात त्याचं दान नको. रविवारी ये आणि हद्दीवर रेघ मारून दे. विटा मी हातात देईन, पण भिंत तीन सेंटिमीटर माझ्याकडे सरकलीच पाहिजे. नाहीतर उरलेली निम्मी मी स्वतः पाडीन, सांगून ठेव त्याला.

माया आहे तेवढी राहू दे, मोजत बसू नकोस.
तुझी आजी