आईचा मुक्काम रोझबाईंकडे

गिरगाव,
ता. २४ जानेवारी १९५६

चि. सौ. बकुळास अनेक आशीर्वाद, वि. वि.

गोळीबाराच्या बातम्या वाचून तू घाबरली असशील. आम्ही सुखरूप आहोत. आमच्याकडे जे कोसळलं, ते शेजारच्या रोझबाईंमुळे. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी शिकवतात, त्याच. त्यांचे यजमान कायतान यांना घरावर माडी चढवायची हौस आली. तुळई बसवायला गवंड्याने सामाईक भिंतीत भोक पाडलं, आणि ता. ११ ला सकाळी आमच्या बाजूची अर्धी भिंत आईच्या खाटेवर आली. आईला ओरखडाही नाही. फळीवरची भांडी तेवढी चेपली.

कायतानने चूक कबूल केली, भिंत बांधून देतो म्हणाला. तोवर आईला धूळ सोसायची नाही म्हणून रोझबाईंनी तिला आपल्या पुढच्या खोलीत नेलं. दोन दिवसांसाठी गेली ती गेलीच. हरताळ, कर्फ्यू, गवंडी शिवडीहून येईना. भिंतीच्या जागी गोणपाट टांगलंय आणि त्यातून मला सगळं ऐकू येतं. माझ्याकडे दिवसभर गप्प पडून असणारी आई तिथे खळखळून हसते गं! रोझबाईंना घावन शिकवते, लहानपणच्या गोष्टी सांगते. काल जेवायला बोलवायला गेले तर म्हणाली, आज इथेच बोंबील केलेत. अकरा वर्षं तिचं सगळं मी केलं, आणि चार घास परक्या घरचे गोड! त्यांना वर माडी हवी, खिडकी हवी, आता माझी आईही हवी. ह्यांना सांगितलं तर हसतात आणि सभेला निघून जातात.

तुझ्या लोभाची सध्या जास्तच गरज आहे.
आई आशीर्वाद सांगते.

तुझी
राधाताई


बेळगाव,
ता. २ फेब्रुवारी १९५६

ती. सौ. राधाताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्याच आठवड्यात आणखी एक आलं. आईचं. रोझबाईंच्या गोल अक्षरात, चार पानं! माझं डोकं अजून दुखतं का, ह्यांची कचेरी मोर्च्यांमुळे बंद आहे का, सगळं विचारलंय. वाचून रडले आणि मग तुझा राग आला.

ताई, तू रोझबाईंवर जळतेस. मी अकरा वर्षं तुझ्यावर जळते आहे. आई तुझ्या वाट्याला आली, माझ्या वाट्याला तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. मी तिला इकडे बोलावलं, तेव्हा तिला प्रवास झेपणार नाही असं तू कळवलंस. तिला विचारलं होतंस का?

लिहायचं नव्हतं, लिहून गेले. रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.

तुझी
बकुळा


गिरगाव,
ता. १२ फेब्रुवारी १९५६

चि. सौ. बकुळास अनेक आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मग तडक रोझबाईंकडे जाऊन आईला विचारलं, की मला का नाही पत्र लिहायला सांगितलंस? ती म्हणाली, तू विचारतेस कधी? मी झोपलेय असं धरूनच माझे आशीर्वाद लिहून मोकळी होतेस. रोझबाई हळूच उठून आत गेल्या. त्यांच्यावर रागवायला काही उरलं नाही, ह्याचंच जास्त वाईट वाटलं.

आणि नाही, तुझ्याकडे येण्याबद्दल मी तिला विचारलं नव्हतं.

भिंत मंगळवारी पुरी झाली. आई परत आली, पण दुपारी दोन तास तिकडे जातेच आणि मी जळतेच, खोटं कशाला सांगू? आज मात्र तिच्यापाशी पाट मांडून बसले आहे. पुढे ती सांगेल तसं लिहिते.

बकुळे, राधा आमटीत मीठ जास्त घालते. सांगितलं तर तोंड फुगवते. दिवसभर राबते, म्हणून तिला पत्र लिही म्हणायला मला संकोच वाटायचा. रोझबाईंना सांगणं सोपं गेलं. भिंत आली तेव्हा राधा चुलीपाशी होती. धावत येऊन माझ्या अंगावर ओणवी झाली. विटा तिच्या पाठीवर पडल्या. पाठ अजून काळीनिळी आहे. तुला तिने हे कळवलं नसणार. आताही लिहीत नव्हती, मी दोनदा सांगितलं.

उन्हाळ्यात मी बेळगावला येते, चांगली दोन महिने. इथे राधाचा हात थांबला. लिही म्हटलं, तेव्हा लिहिलं.

माझा लोभ दोघींवर सारखा आहे, मोजत बसू नका.

तुझी आई
(अक्षर राधाचं)