दाजींचा चेहरा

४ ऑगस्ट, सोमवार
चित्र आलं. पान चार, खाली डावीकडं. वर्गात पोरं छत्र्या उघडून बसलीत, दारात ठेकेदार मास्तरला सांगतोय, "नळाचं काम वेगळं करायची गरजच न्हाई." संपादकांचा आठलाच फोन, गंगाखेडभर मोबाइलवर फिरायलंय म्हणे. लय दिवसांनी खूश झालो.
मालतीनं चहा ठेवला, पेपर घेतला आणि तशीच उभी राहिली.
"हे दाजी हायत की."
म्हटलं, काहीही काय.
"करंगळीत गाडीची चावी अडकवून कोण फिरवतं मग?"
परत बघितलं. करंगळीत चावी. डाव्या खांद्यावर नॅपकीन. पुढं आलेला खालचा ओठ. माझ्या बहिणीचा नवरा, सगळाच्या सगळा.
काढताना कळलं नाही?

५ ऑगस्ट, मंगळवार
साडेअकराच्या यष्टीनं शालू आली. एक पिशवी. राणीसावरगावच्या पुढं त्यांची वाडी. काल दुपारपर्यंत तिथं प्रत्येकाच्या फोनवर चित्र पोचलेलं. पारावर एकानं दाजींना चावी फिरवून दाखवली म्हणे.
"जा म्हणाले?"
"भावाला विचारून ये म्हणले, आमची बेज्जती कामून केली."
पोरीला, पूजाला, येऊ दिलं नाही. दहावीचं वर्ष, शाळा बुडंल म्हणून. एवढं सांगून शालूनं मालतीच्या पुढ्यातला लसूण ओढला आणि सोलत बसली. गालावर डावीकडं सूज. दाढ दुखायलीय म्हणाली.
मला एकदाच विचारलं. "दादा, त्यांना बघूनच काढलंस का रे?"
म्हटलं, नाही. ठेकेदार सगळीकडं सारखेच दिसतात.
तिनं मान हलवली.

६ ऑगस्ट, बुधवार
पुण्याच्या प्रकाशकबाईंचा निरोप. मुंगसांच्या शाळेचं पुस्तक, चोवीस पानं, सगळी चित्रं महिनाअखेर हवीत. कच्ची रेखाटनं आवडलीत. "फक्त मुंगसं जरा हसरी करा."
पान तीन घेतलं. शाळेची इमारत. छपराची रेघ ओढली, खोडली, ओढली, खोडली. कागदाला भोक. दुसरा कागद. तिसरा. जेवणाच्या वेळेपर्यंत पाच.
वीस वर्षं छपरं काढतोय.

७ ऑगस्ट, गुरुवार
इथं तरी खरं लिहावं.
जूनअखेरीला शालूच्या वाडीत गेलो होतो, शाळेतल्या पोरांना चित्रं शिकवायला. तिनंच बोलावलं होतं. ती खोली दाजींनी दोन वर्षांखाली बांधलेली. मधेच छतातून पाणी ठिबकायला लागलं. पोरांनी कागद सरकवले, बोलणं न थांबवता. एका पोरीच्या गाईच्या पाठीवर थेंब पडला, तर तिनं भोवती तळं काढलं आणि गाय पाण्यात बसवली.
परत निघालो तेव्हा दाजींनी गाडीवर स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत भजी खाऊ घातली. "पाव्हणं, आमची शाळा कशी वाटली?"
म्हटलं, झकास.
तोंडावर झकास म्हणालो आणि महिन्यानं हे काढलं. हाताकडून झालं म्हणणं खोटं आहे. करंगळी नीट जमेना म्हणून दोनदा खोडली होती.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी
गल्लीत वाटतंय शालू राखीला आली. आजपर्यंत ते बरं होतं. उद्यापासून विचारतील.
तिनं ओवाळलं, राखी बांधली. मालतीनं साडी दिली. शालूनं ती घडी न मोडता पिशवीत ठेवली, तेव्हा दिसलं, पिशवीत तीनच कपडे आहेत. म्हणजे तिला वाटलं होतं दोन दिवसांचा प्रश्न आहे.
दुपारी पूजाचा फोन लागला. "आई, मला बोलू नको म्हणलेत." बंद.
नंतर शालू ओट्याकडं तोंड करून बराच वेळ उभी होती. गॅस पेटवलेला नव्हता.

११ ऑगस्ट, सोमवार
दाजींना फोन केला. सहा दिवस टाळला होता. आवाज चढवतील वाटलं होतं, चढवला नाही.
"पेपरात माफी छापा. आन् पुन्हा असलं काढणार न्हाई म्हणून कागदावर लिहून द्या. मुंगसं-ससे काढा की. कोण नको म्हणतंय."
हो म्हणालो. लगेच. विचारसुद्धा केला नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार
संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, "माफी छापतो. पण चित्र खोटं होतं असं छापल्यावर तुमचं पुढचं चित्र कोणत्या तोंडानं छापू? शाळा गळती का न्हाई?"
"गळते."
"मग?"
बहिणीचं सांगितलं. ते म्हणाले, बघा, घर तुमचं हाय.
अकरा वर्षं रोज एक चित्र. सकाळी उठून पेपर वाचायचा तो चित्रासाठीच. ते गेलं तर उठून काय करायचं? मुंगसं?
पान तीन अजून कोरं.

१३ ऑगस्ट, बुधवार
माफी लिहिली. सहा ओळी. शालूला वाचून दाखवली. 'कोणाही व्यक्तीशी साम्य आढळल्यास तो योगायोग' इथं ती थांबवून म्हणाली, "योगायोग कशाला लिहितोस. मी पहिल्या नजरंला वळखलं."
कबूल केलं मग. बघूनच काढलं. भजी खाल्ली ते पण सांगितलं.
ती ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांनी मला चित्रापायी न्हाई धाडलं, दादा."
चित्र आलं त्या सोमवारी दुपारी ओसरीवर दाजींचे चारपाच जण बसलेले. दाजींनी फोन तिच्यापुढं धरला, बघ तुझ्या भावाचे धंदे. तिनं बघितलं. करंगळी बघितली.
"आन् मला हसू आलं. दाबायचं बघितलं, दाबलं न्हाई गेलं. अठरा वर्षं ती चावी बघायले मी. लोकं बसलेली. हसतच राहिले."
पुढचं तिनं सांगितलं नाही. दाढेचं मी विचारलं नाही. मालती उठून तिच्याजवळ जाऊन बसली.
आठ दिवस मी माझंच चित्र घेऊन बसलो होतो.

१४ ऑगस्ट, गुरुवार
वाडीला जाऊन आलो. माफीचा कागद घेऊन. दाजी उद्याच्या झेंड्याची तयारी बघत शाळेसमोर उभे, उद्या नारळ त्यांच्या हातचा. मला घरी नेलं, चहा दिला. पूजा आतून दारापर्यंत आली, त्यांनी नुसतं बघितलं तशी मागं गेली.
कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला.
म्हटलं, "दाजी, चूक माझी हाय. शालूला त्यात धरू नका."
"पाव्हणं, मी सात शाळा बांधल्या. ही एक गळती, ती वरच्या टाकीपायी. बाकी साहांचं चित्र काढलं का कधी?"
एकाचंही काढलं नव्हतं.
मग म्हणाले, "तुमचं चित्र लोकं पोळ्यापर्यंत विसरतेत. घरची बाई चार माणसांत नवऱ्यावर हसली, हे कुठं छापता का तुमी? तिनं यावं. त्याच माणसांसमोर सांगावं की मी हसले न्हाई, खोकला आला, काय बी सांगावं. मग राहावं."
"आन् तिच्या गालाचं?"
हे मी बोललो. त्यांनी चावी खिशातून काढली आणि पुन्हा खिशात ठेवली. फिरवली नाही. म्हणाले, "तुमची गाडी दोनची हाय ना."
उठलो. उठायला नको होतं. पूजाचा एक शब्द तरी ऐकायला हवा होता.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
शालूला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "पूजा कशी दिसली?" म्हटलं, बरी. खरं म्हणजे वाळलीय.
मालती म्हणते पोलिसांत जाऊ. शालू म्हणते पूजाची दहावी होऊ दे. मी काय म्हणतो ते कोणी विचारलं नाही. बरोबरच आहे.
मी म्हटलं चित्रं सोडतो. शालू चिडली, आल्यापासून पहिल्यांदा. "तू सोडल्यानं माझं काय होनार हाय? लई मोठं दान देयलास का?"

१७ ऑगस्ट, रविवार
दिवसभर मुंगसं. एकही हसत नाही. तोंडाची रेघ वर नेली की दात विचकल्यासारखं होतं. शालू मागं येऊन उभी राहिली, बघितलं, म्हणाली, "ह्याला ओरडा बसलाय वाटतं." बाईंना फोन करून सांगावं का, की हे काम दुसऱ्याला द्या. दोनदा नंबर काढला. लावला नाही.
संध्याकाळी शालू म्हणाली, "उद्या जाते."
"सांगणार?"
"पूजा तिथं हाय, दादा."
मी येतो म्हटलं. नको म्हणाली. तू दिसलास की पुन्हा तेच चित्र दिसंल सगळ्यांना.

१८ ऑगस्ट, सोमवार
नऊच्या यष्टीत बसवलं. खिडकीतून मालतीशी बोलत राहिली, कुकरच्या शिट्टीबद्दल. राखीची साडी नेसली होती.
सव्वाबाराला फोन. मागं माणसांचे आवाज.
"दादा, इचारलं त्यांनी. सगळ्यांसमोर. हसलीस का म्हणून."
"मग? काय सांगितलंस?"
"पूजा जवळ बसलीय माझ्या." मग थोडं थांबून, "ठेवते आता. माणसं बसलीत."
तेव्हापासून फोन बंद. पूजाचा पण. दाजींचा वाजतो, कोणी उचलत नाही.
मालती म्हणते, सांगितलं असंल खोकला आला म्हणून, मिटलं असंल. मला तसं वाटत नाही. मग वाटतं. नाही म्हणाली असेल तर राहिली तिथंच, त्या घरात, पुढची सगळी वर्षं. हो म्हणाली असेल तर आत्ता काय चालू असेल. तिनं यातलं काय सांगितलेलं मला हवंय, तेही ठरवता येत नाही.
पाचची यष्टी येऊन गेली. मी आणि मालती दोघंही स्टँडवर होतो. कंडक्टरला विचारलं, वाडीहून कोणी बाई चढली होती का, सोबत एक मुलगी. म्हणाला, लक्ष नव्हतं.
सहाची आहे अजून. मालती तिथंच बसलीय, मी फोन चार्ज करायला घरी आलो. सहाला नाही आली तर मालतीच्या भावाची जीप घेऊन निघतो. शालू नको म्हणाली होती तरी.