फोडणीचा वास

ता. ८ मार्च १९५४, सोम.
हजेरी ३१ पैकी १९. विचारलं की प्रत्येकाचं तेच, "मामाकडं गेलीत, गुर्जी." इतके मामा या तालुक्यात आहेत तरी कुठं? शिमगा तोंडावर आलाय, मान्य. तरी पटत नाही.
तात्या शिंद्यांची यमुना, इ. ३ री, पाच दिवस नाही. ताप अंगात घेऊन शाळेत येणारी पोर ती.

९ मार्च
दिवेलागणीला मुद्दाम गावातून चक्कर मारली. खरं कुणी सांगणार नाही, पण चूल सांगते. घरात देवी आल्या की फोडणी बंद, पुरुषांची दाढी बंद. आजार म्हणायचं नाही, "बाया आल्यात" म्हणायचं. सगळीकडे मोहरीचा वास. तात्याच्या घरातून नुसता धूर. तात्या ओट्यावर, आठवड्याची दाढी.
"यमुना कुठंय?"
"मामाकडं, बारामतीला."
"आणि दाढी?"
"वस्तरा बोथट झालाय, गुर्जी."
तसाच आत घुसलो. कोपऱ्यात पोर, अंगाखाली कडुनिंबाचा पाला, तोंडभर फोड. मला बघून पाटी मागायला लागली. कपाळाला हात लावला तर चटकाच बसला. वाईट वाटलं. पण खोटं ते खोटं.
तात्या हात जोडून, "कुणास्नी सांगू नगा. माज्या वांग्याला बाजारात कुणी हात लावायचं न्हाय."
उठून बाहेर पडलो. घरी आलो तर आमची शकू रांगत उंबऱ्यापर्यंत. उचलून घेतली.

१० मार्च
तालुक्याला चिठ्ठी धाडली. पोरांच्या जिवापुढे वांगी मोठी नाहीत. सौ. म्हणते, "तात्यांना सांगून तरी करायचं." हिला त्यांचा एवढा पुळका का?

१३ मार्च, शनि.
देवी डॉक्टर आले, म्हणजे देवी टोचणारे. गावात पळापळ. टोचणं चुकवायला लपलेल्या दोन बायका धान्याच्या कणगीमागं सापडल्या, मीच दाखवल्या. तात्याच्या दारावर शिपाई बसवला.
आपल्या शकूला टोचायचं म्हटलं तर सौ. तिला घेऊन विहिरीवर गेली, ती डॉक्टर जाईपर्यंत आलीच नाही. म्हणे पोरीला सर्दी आहे, पुढच्या खेपेला बघू. चारचौघांत तमाशा नको. डॉक्टरांना सांगितलं, आमच्याकडे झालंय.

१८ मार्च
यमुनेचे फोड वाळले म्हणतात. वाचली पोर. वांगी मात्र बांधावर सडली.
मी दिसलो की पारावरचं बोलणं थांबतं. काहीतरी कट चाललाय. चालू दे.

२३ मार्च
शकू दोन दिवस किरकिर करते. सौ. म्हणते, दात येतायत. असतील. पाळण्याजवळ मला जाऊ देत नाही, हे काय नवीन?

२५ मार्च, गुरु.
आज आमटीला फोडणी नव्हती.
"तेल संपलंय," सौ. म्हणाली. बुधला हलवून पाहिला, अर्धा भरलेला.
जेवण तसंच टाकून पाळण्याचं पांघरूण उचललं. उशाला पाला. कपाळावर पुरळ. गोवरही असेल. गोवरच असावा.
सौ. रडली नाही. "त्या दिवशी शिंद्यांकडनं आलात आणि हातपाय न धुताच तिला उचललीत."
बोटं मोजली. सोळा दिवस.
आणि विहिरीवर कोण गेलं होतं, हे ओठावर आलं होतं. पण डॉक्टरांशी खोटं कोण बोललं?

२६ मार्च, सकाळ
आज देवी डॉक्टर यायचेत. देवी आलेल्या नव्या घरांची यादी मी करायची. चार नावं झाली.
साबण लावला, वस्तरा घेतला. सौ. पाळण्यापाशी, वर न बघता म्हणाली, "दाढी करू नका. एवढं तरी ऐका माझं."
शाळेच्या वाटेवर तात्याचा ओटा. त्यानं काल दाढी केली. माझ्या गालाकडे बघणारच तो. बघून काय म्हणेल? काही म्हणणारही नाही, तेच नको वाटतं.
शकू झोपेत कण्हतेय. हे लिहितोय तोवर गालावरचा साबण वाळत चाललाय.