कोनफळाचा मुका

प्रिय आई,
आपल्या रीतीप्रमाणे आशीर्वादासाठी तुझा हात इथूनच कपाळाला लावते.

आधी बातमी ऐक. कोनफळाच्या जत्रेत आपला पहिला नंबर आला, सगळ्या बोहोल बेटात!

मी लिहिलं होतं ना, लग्नानंतर सासूबाईंच्या हातून कोनफळ पडलं आणि त्यांनी ते उचलून त्याचा मुका घेतला? मी फिदीफिदी हसले होते. दुष्काळात याच कंदाने इथली घरं जगवली, हे मला कुठं ठाऊक! तेव्हापासून सहा वर्षं त्यांनी मला बियाण्याला हात लावू दिला नाही. म्हणायच्या, "तू बाहेरची. तू आपला हलवा घोटत बस."

परवा आमचं बारा किलोचं धूड मीच मंचावर नेत होते. इथल्या चॉकलेटी रंगाच्या टेकड्या बघायला आलेले पर्यटकही कॅमेरे रोखून उभे. शेवटच्या पायरीवर पाय घसरला. कंद आपटला, मीही आपटले. (गुडघ्याला चारच टाके पडलेत, काळजी करू नकोस.) मी आधी मातीसकट कंदाचा मुका घेतला, मग रक्ताकडे बघितलं.

सासूबाई ओरडल्या, "बघा रे, माझी सून आहे ती!"

निकाल त्यानंतर लागला.

हे अजून जहाजावरच आहेत. फोन लागत नाही, पण लागेल. तुझा खोकला कसा आहे? नारळाच्या दुधातला जांभळा हलवा पाठवलाय.

आज सासूबाईंनी बियाण्याची टोपली माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "लाव. मी नुसती बघते."

तोंडाला अजून माती लागलेली तुझी,
पेर्लिता