चांद्याच्या जागी उभी गाडी

३ ऑगस्ट १९६८, शनिवार

पुन्हा डाग! सकाळी गोठ्यात गेले, तर गाडीखाली तळहाताएवढा, काळा, चकचकीत. कालच पुसला होता, माझ्या हाताने, रॉकेलने.

मोटारसायकल कोरी आहे. घरी येऊन जेमतेम तीन आठवडे. ह्यांच्याकडे सोसायट्या तपासायचं काम, त्यात आता बैहरकडचा डोंगरी भाग आला, म्हणून घेतली. बारा वर्षं ह्यांचे दौरे चांद्या-करड्या या आमच्या बैलजोडीच्या दमणीतून झाले. बैल विकले आणि गाडी आली. दुसरी जागा नव्हती, म्हणून गोठ्यात ठेवली — चांद्याच्या जागी.

"इंजिनातून तेल गळतंय," म्हटलं. हे हसले. "नवी आहे. रुळली की थांबेल."

सव्वीसला बैहरला निघायचंय. घाटातून, एकटे. वय सत्तावन्न!

६ ऑगस्ट

फकिरा मिस्त्री येऊन गेला. नट आवळले, खालच्या बोल्टचा वायसर बदलला. "नवी दुल्हन है बाई, थोडा पसीना तो छोडेगी." मग ह्यांना दटावलं, "पर भोजराजबाबू, तेल कमी पडू देऊ नका. घाटात इंजिन कोरडं पडलं का चाक जागच्या जागी जाम! बाबू एकीकडे, गाडी एकीकडे."

"आणि तू तिसरीकडे, बिल घेऊन!" हे म्हणाले. दोघं खो खो हसले.

महागू दारात उभा राहून ऐकत होता. तो हसला नाही. आमचे बैल तोच हाकायचा. बैल गेले, तरी तो रोज येतो आणि रिकामा गोठा झाडतो. त्याला नको कसं म्हणू?

१० ऑगस्ट

वायसर बदलूनही डाग वाढलाच. गाडी दोन दिवस फकिराच्या दुकानात ठेवली, खाली पुठ्ठा घालून. एक थेंब नाही! काल घरी आणली. आज सकाळी खाली थाळीएवढं थारोळं.

"तुमच्या गोठ्यात काही है का बाई?" फकिराने गंमत केली. मला ती गंमत वाटली नाही.

११ ऑगस्ट

फक्त चांद्याच्या जागीच गळतं.

१४ ऑगस्ट

आज ह्यांनी तेल मोजायची काडी बुडवून पाहिली. तेल खुणेच्याही वर! रोज एवढं जमिनीवर सांडतंय आणि आत तसूभर कमी नाही. हे खूश. "अक्षयपात्रच आणलंय आपण!"

रोज गळतं आणि रोज भरतं — कुठून?

शिवाय तो वास. गोठ्यात पाय ठेवला की जवसाच्या तेलाचा वास येतो. थंडीत बैलांना पाजायचो ते तेल. डोळे मिटले की चांद्या दिसतो. कपाळावर पांढरी कोर. वैनगंगेवर पाण्याला नेलं की आधी माझ्याकडे वळून बघायचा, मगच तोंड लावायचा.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, भीती वाटली की तिला नावानिशी कागदावर उतरव, ती लहान होते. उतरवते. मला वाटतं, गोठ्यात चांद्या आहे.

लहान झाली नाही.

१५ ऑगस्ट

जेवताना विचारलं, "चांद्या-करड्या बरे असतील ना?"

"कटंगीच्या शेतकऱ्याकडे आहेत. किती वेळा सांगू?" — आणि ताटावरून उठलेच. भात तसाच. असे कधी उठत नाहीत.

१८ ऑगस्ट

फकिराने युक्ती सांगितली होती — इंजिन कोरडं पुसून वर पावडर भुरभुरायची, म्हणजे तेल कुठून येतं ते दिसतं. काल संध्याकाळी माझ्या डब्यातली पावडर टाकली. इंजिन पांढरंशुभ्र झालं.

सकाळी पाहिलं. पावडर नाही. खालून वर, रुंद पट्ट्या ओढल्यासारखी निघालेली. गाय वासराला चाटते ना, तशी.

ह्यांना दाखवायला बोलावलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वाऱ्याने उडाली असेल." कालपासून पान हललेलं नाही!

२२ ऑगस्ट

उद्या पोळा. या घरातला बैलांविना पहिला.

संध्याकाळी गोठ्यातून महागूचा आवाज आला. जाऊन पाहते तर दोन्ही हातांनी गाडीच्या हँडलला हळद आणि लोणी चोळतोय! पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा चोळतात, तसं. हलक्या हाताने, खालच्या आवाजात — "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"महागू, अरे ती गाडी आहे."

"हौ बाई. पन काम तं तेच करते ना? साहेबाले पाठीवर घेऊन जाईन तिकडं. तिचा मान काहून ठेवू नये?"

२३ ऑगस्ट, पोळा

गाडीला पुरणपोळी दाखवली. मीच. हे म्हणाले, "आता कडबा टाका!" पण आत मात्र आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलले. पाच दिवस झाले, हे गोठ्यात पाऊल टाकत नाहीत. गाडी बाहेर काढायलाही महागूच.

२४ ऑगस्ट

पहाटे पोरं नारबोदीचं बाहुलं गावाबाहेर जाळायला नेत ओरडत गेली — "खोकला घेऊन जा री नारबोद! रोगराई घेऊन जा री नारबोद!" मीही दारात उभी राहून मनात म्हटलं, आमच्या गोठ्यातलं जे काही आहे ते घेऊन जा. मग वाईट वाटलं. तो चांद्या असेल तर?

२६ ऑगस्ट, सोमवार

हे सहाला निघाले.

सातला मी गोठ्यात गेले. महागू खाली बसून बांबूचा नळा धूत होता. बैलाला तेल पाजायचा नळा! शेजारी जवसाच्या तेलाची बाटली. रिकामी.

"हे काय, महागू?"

"काही नाही बाई. जाताजाता एक नळा पाजला. घाट हाय ना पुढं."

"कोणाला?"

"गाडीले. मिस्त्री नव्हता म्हनत, तेल कमी पडलं तं साहेब पडतीन? बुडातून रोज गळे, म्हनून म्या रोज वरून पाजलं. त्या दिवशी मुखावर कोनं भुकटी टाकली व्हती, ते बी पुसून काढली. आपल्या चांद्याचं नव्हतो का करत मी?"

एवढंच होतं! हसावं की रडावं कळेना. धावत फकिराकडे गेले. ऐकून त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"जवस? अरे देवा! म्हणून वायसर बदलूनही गळत होती. जेवढं ज्यादा पाजलं, तेवढं बाहेर ओकत होती ते! माझ्याकडे कोणी पाजलं नाही, तं गळली नाही. पर बाई, हे तेल तापलं का गोंद बनते. चढावावर इंजिन जाम होईन. बाबू कव्हा निघाले?"

बसला अवकाश होता. मिळेल त्या ट्रकने तो बैहरकडे गेला.

वास आला होता मला. रोज येत होता! चांद्या समजून कुरवाळत बसले त्या वासाला. ह्यांना सांगितलं असतं तर?

२७ ऑगस्ट

पोस्टातून बैहरच्या रेस्ट हाउसला ट्रंक कॉल लावला. उत्तर आलं, ह्या नावाचे कोणी साहेब पोचले नाहीत. फकिराचाही पत्ता नाही. महागू कालपासून उंबऱ्यात बसून आहे, पाणीही घेत नाही. रागवायला गेले, रागवता आलं नाही. देवा, मदर मेरी, कोणीही ऐका.

२८ ऑगस्ट

आले! ट्रकमधून, गाडी मागच्या हौद्यात घालून, फकिरा सोबत. गुडघा खरचटलाय, एवढंच. घाटातल्या एका वळणावर चाक जाम झालं, गाडी आडवी पडली. दरी चार हातांवर. दिवसभर रस्त्याला माणूस नाही; फकिराचा ट्रकही घाटाखाली नाक्यावरच बंद पडलेला. मग एक बैलजोडी मिळाली, तिने ओढून नाक्यापर्यंत आणलं.

महागूने पायावर डोकं ठेवलं. ह्यांनी त्याला उठवलं. तो रडत रडत हसला, "कोनाचे बैल व्हते, साहेब? बेजा गुनी दिसतेत."

"असतील कोणाचे," म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

३१ ऑगस्ट

तीन दिवस घास नाही. आज दुपारी आपणहून बोलले.

"त्या बैलांबरोबर माणूस नव्हता. झाडीतून आले, गाडीपुढे उभे राहिले. सामानाचा दोर मीच त्यांच्या गळ्यांत बांधला. चांद्या आणि करड्या होते ते."

मला आनंदच झाला. "मग तर बरंच! तो शेतकरी तिकडचा असेल—"

"शेतकऱ्याला नाही विकले मी," हे म्हणाले. "म्हातारे बैल कोणी घेईना. जूनमध्ये कटंगीच्या बाजारात कापायला नेणाऱ्या ट्रकवर चढवले. दोघांनाही. माझ्यासमोर."