येलवालच्या अलीकडचं घर

१२ फेब्रु., गुरु.
आज पुन्हा वीज गेली. मीटिंग अर्धवट. गच्चीत जाऊन बसले. चारी बाजूंना मोकळे प्लॉट, पांढरे दगड रोवलेले, मधे कुठेतरी आमच्यासारखं एखादं घर. हवा मात्र अशी की नुसतं बसून राहावं. आधी म्हैसूर शहरात, गोकुलमला राहायचो, तिथे खिडकी उघडली की समोरच्यांचा मिक्सर.

तरी तिथली सवय जात नाही. तिथे दूध संपलं तर चप्पल घालायची आणि खाली जायचं. इथे नितीनला फोन करायचा की येताना घेऊन ये.

अण्णा सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसलेत. पेपर वाचून झाला, परत पहिल्या पानापासून सुरू.

१५ फेब्रु., रवि.
नि. पपईला आळं करत होता. इतका खूश की बोलवेना. तरी बोललेच. ईशा क्लासहून येते तेव्हा स्टॉपपासून आतला रस्ता सुनसान. अण्णांशी बोलायला कुणी नाही. मला गाडी येत नाही. तो म्हणाला, "स्वतःचं घर, झाडं, शांतता, हे तूच मागत होतीस ना?"
मागत होते. नाही कोण म्हणतंय?

थोरल्या बहिणीचा, वंदनाचा, पुण्याहून फोन. ताईपणाचा सूर. "अण्णांना माझ्याकडे पाठव. तिकडे जंगलात काय करणार ते?" जंगल म्हणे. राग आला.

२२ फेब्रु., रवि.
अण्णा गायब. फोन घरीच. मी आणि ईशा हाका मारत लेआउटभर. एका स्कूटरवरून आले, मागे बसून, ऐटीत!

चालवणारे गृहस्थ म्हणजे येलवाल गावातले गणोजीराव. शाळेत ड्रिल मास्तर होते, आता निवृत्त. अण्णा चालत गावापर्यंत गेले, हॉटेलात कॉफी मागताना वेटरला मराठीत काहीतरी पुटपुटले, शेजारच्या टेबलावरून मराठीतच उत्तर आलं. ह्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. घरात अजून मराठी बोलतात, पण कसली!
"भ्यायचं नाही अम्मा, सुम्ने बोलत बसलो, स्वल्प उशीर झाला. परवागिल्ला."
सुम्ने म्हणजे उगीच, परवागिल्ला म्हणजे हरकत नाही. एवढं कन्नड मला कळतं. अण्णांना तेवढंही नाही.

३ मार्च, मंगळ.
ग. रा. आता रोज येतात. अकराची कॉफी इथे, संध्याकाळची त्यांच्याकडे. आज स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, "इथं आमचं रागीचं खळं होतं. तुझा गॅस आहे ना, तिथंच आमचा बैल फिरायचा." म्हणजे लेआउट त्यांच्याच भावकीच्या शेतात. वाईट वाटतं का विचारलं. "विकताना वाटलं. आता कॉफी मिळते, अल्वा?" अल्वा म्हणजे नाही का.

अण्णा आणि ते भांडतात. आज 'नाचणी' की 'रागी' यावर. अण्णा म्हणे तुमची मराठी भेसळीची. ते म्हणे, "तुमची पुस्तकातली. माझी आजी रागावली की असं बोलायची नाही." दोघांचे आवाज मीटिंगमध्ये ऐकू गेले. म्यूट करून हसले.

१० मार्च, मंगळ.
ईशा रडकुंडीला येऊन घरी पोचली. बस भरलेली, सोडून द्यावी लागली, मग शेअर रिक्षा, मग अंधारातून चालत. मागे कुत्री.
"आई, माझ्या मैत्रिणी क्लासनंतर डोसा खायला जातात. मी बस पकडायला पळते. मला पीजीत ठेव."
अकरावीची पोर, पीजीत! नि. म्हणाला, सवय होईल. ती दार आपटून वर गेली. दार आपटलेलं ऐकू येतं इथे, इतकी शांतता.

१९ मार्च, गुरु. पाडवा
गच्चीत गुढी. ग. रा. कडुनिंब-गूळ घेऊन आले, बराच वेळ गुढीकडे बघत राहिले. "आमच्यात कुणी उभारत नाही. आजी नुसतं सांगायची." अण्णांनी त्यांच्या हातून हार घालून घेतला. सगळे जेवलो. आज कुणालाच कुठे जायचं नव्हतं. असं रोज असतं तर...

२ एप्रिल, गुरु.
हॉस्पिटल. कसंबसं लिहितेय.
दुपारी अण्णा न्हाणीघरातून आले ते घामाने थबथबलेले. "छातीवर कुणी बसलंय." ॲम्ब्युलन्सला फोन. ड्रायव्हर मेन रोडवर फिरतोय, "मॅडम, कुठला क्रॉस, कुठली गल्ली? मॅपमध्ये इथे शेत दाखवतंय." मी कन्नडमध्ये समजावतेय, शब्द सापडेनात. नि. ऑफिसात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. शेवटी ग. रा. ना फोन. ते पुतण्याची व्हॅन घेऊन आले, स्वतः चालवत. अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर. रिंगरोडला गाड्यांची रांग. ग. रा. हॉर्न दाबून कुणालातरी कन्नडमध्ये शिव्या देत होते, मधेच मराठीत अण्णांना, "झोपू नका हो! बोला माझ्याशी, भांडा!"

स्टेंट घातला. आहेत.

४ एप्रिल, शनि.
वंदना आली. कॉरिडॉरमध्येच, "बोलले होते ना मी?" डॉक्टर म्हणाले, फार उशीर नाही झाला, पण घर जवळ असतं तर बरं. तेवढं एकच वाक्य डोक्यात. ठरवलं, परत शहरात. हे घर भाड्याने देऊ, विकू, काहीही. नि. चं हो पण नाही, नाही पण नाही.

९ एप्रिल, गुरु.
गोकुलमला फ्लॅट पाहिला. दुसरा मजला, लिफ्ट, दवाखाना हाकेवर. ईशाने लगेच स्वतःची खोली निवडली. मला... काय सांगू. स्वयंपाकघराची खिडकी उघडली तर शेजारची भिंत. खाली बागेत गेले. पूर्वी अण्णा रोज बसायचे त्या बाकावर योग शिकायला आलेले दोन परदेशी, शेजारी शेजारी, दोघे फोनमध्ये. मला वाटत होतं तिथे सगळं आपलं तसंच ठेवलेलं असेल.
घरमालक म्हणाले, रविवारपर्यंत सांगा. मी आणखी आठवडा मागून घेतला. कशाला मागितला?

१२ एप्रिल, रवि.
वंदना परत गेली. अण्णांना सांगितलं. तक्क्याला टेकून शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, "मी नाही येणार."
"अण्णा, तुम्हालाच करमत नव्हतं इथे. बाक आठवायचात."
"बाक होता. सगळे नमस्ते म्हणायचे, पुढे जायचे. तीन वर्षांत एकाशी धड बोललो असेन तर शपथ. इथे एक माणूस रोज येऊन माझ्याशी भांडतो."
"आणि परत काही झालं तर?"
"झालं तर झालं. तुझ्या भीतीसाठी मी माझा माणूस सोडू?"
माझा माणूस म्हणाले. मी काय मग? चिडून बाहेर आले. चिडायला नको होतं, आजारी माणसावर.

१४ एप्रिल, मंगळ.
ग. रा. आले, अण्णा झोपलेले. मला फाटकाशी बोलावलं. वाटलं, आता हेही म्हणणार की नेऊ नका.
"घेऊन जा अम्मा."
आत या म्हटलं, ते तिथेच उभे.
"माझी बायको अशीच गेली. ह्याच रस्त्यावर. दवाखाना दिसत होता समोर, सिग्नल सुटेना. त्या दिवशी व्हॅन चालवताना मला मागे तीच दिसत होती. मी परत नाही चालवू शकणार." मग चष्मा पुसत, "त्यांना हे सांगू नको. उगीच माझ्यासाठी म्हणून जातील."
कॉफी विचारली. "बेडा, आज नको," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. लागेना. परत मारली. मी उभीच.

१७ एप्रिल, शुक्र.
नि. म्हणाला, मी आणि ईशा गोकुलमला जाऊ, तो आणि अण्णा इथे राहतील, शनि-रवि एकत्र. "तात्पुरतं." घर घेतलं ते काय शनिवार-रविवारसाठी? विचारलं मी. मग तो हळूच, "त्या दिवशी मी सिग्नलला अडकलो होतो, तुझे फोन येत होते. मलाही भीती वाटते गं. पण सकाळी झाडांना पाणी घालतो ना, तेव्हा वाटतं इथून नाही जायचं."
सगळेच बरोबर. म्हणूनच झोप नाही.

१८ एप्रिल, शनि.
सांगू नको म्हणाले होते. सांगितलं. अण्णा म्हणाले, "मला कधी बोलला नाही तो," एवढंच. संध्याकाळी स्वतः त्यांना फोन लावला. काय बोलले कळलं नाही, खोलीचं दार लोटलेलं. एकदा आवाज चढला, दोघांचा. नंतर बाहेर येऊन म्हणाले, "उद्या तो फ्लॅट बघू. गणोजीही येतोय. बघू म्हणालो, जाऊ नाही म्हणालो."

१९ एप्रिल, रवि.
गाडीत बसून लिहितेय, गोकुलमला, बिल्डिंगखाली. नि. पार्किंगवाल्याशी बोलतोय. ईशा दोघा म्हाताऱ्यांना घेऊन वर गेलीय. येताना व्हॅनचा, रस्त्याचा, कशाचाच विषय नाही. रिंगरोड आला तेव्हा अण्णांनी नुसता ग. रा. च्या गुडघ्यावर हात ठेवला, पुढचा सिग्नल सुटेपर्यंत.

मालकांचा फोन, "काय ठरलं?" म्हटलं, वर आहेत, बघतायत.

आता दोघे बाल्कनीत आलेत. ग. रा. हाताने काहीतरी दाखवतायत, येलवालची बस कुठून येईल ते असावं. अण्णा मान हलवतायत, नाही, नाही. पण ते त्यांचं नेहमीचंच 'नाही', भांडणातलं. आतला दिवा लावला कुणीतरी, भर दिवसा. अण्णा कठड्यावरून वाकून मला शोधतायत. हात केला. ये म्हणतायत की थांब, इथून कळत नाही.

जाते वर.